हाफ, फुल, बिनतिकीट

वीस वर्षं जिंतूर आगाराची पिशवी खांद्यावर.
वय ओळखायला मला दाखला लागत नाही.
पाचाच्या आतलं लेकरू बिनतिकीट, मांडीवर.
बाराच्या आतलं हाफ. त्यापुढं फुल,
उगं वाद नको.

म्हणून ताई म्हणाली, "दोन दिवस तूच ने तिघांना,
तुला गर्दीची सवय आहे."
येलदरीच्या फुगवट्याला, बाभळीच्या आडोशानं
उसना तंबू ठोकला.
एक खांब कमी निघाला,
तिथं वावरातली जाडशी तुराटी लावली.

भार्गवी, चार. रुद्राक्ष, नऊ.
शर्वाणी, पंधरा, आणि तिचा मोबाइल.
त्याला रेंज नव्हती,
सगळ्यात जास्त किरकिर त्याच प्रवाशाची.

आधी भेंड्या.
रुद्राक्षला दर वेळी 'ळ'च यायचा.
"कामून मलाच देता?"
भार्गवी एकच गाणं म्हणायची,
ते तिनंच रचलेलं, शेळीचं, आणि संपायचंच नाही.
शर्वाणी म्हणाली, "मामा, हे लहान मुलांचं आहे."

मग लगोरी.
भार्गवी लगोरीवर बसली ती उठेचना.
मग चूल. पऱ्हाटीचं जळण.
रुद्राक्षच्या हाती काडीपेटी दिली,
सतरा काड्या गेल्या, आणि मधे मधे प्रश्न:
पाण्याखाली गाव आहे का?
गावात शाळा होती का?
मासे वर्गात कुठल्या दारानं शिरतात?
माहीत नाही, माहीत नाही.
वीस वर्षांत एवढ्या वेळा
मी हे कुणाला म्हणालो नव्हतो.

दुपार कलली नव्हती अजून
आणि माझ्याकडचं सगळं संपलं.

पिशवीत हात घातला तर जुना चिमटा,
तिकिटाला भोक पाडायचा.
मशीन आली तरी सवयीनं राहिलेला.
भार्गवीनं पळसाच्या पानावर दाबला.
कट्.
पुन्हा कट्.

मग तंबूची गाडी झाली.
रुद्राक्ष ताटली घेऊन पुढं बसला, बोरीच्या वळणावर
आम्ही सगळे डावीकडं कललो.
भार्गवीनं शर्वाणीला खालून वर पाहिलं.
"तू मोठी. फुल."
शर्वाणीनं सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली.
"बायकांना हाफ असतं आता. विचार मामाला."
नियम म्हणजे नियम, मी मान डोलावली.
"मग मामाला?"
"मामा बिनतिकीट," भार्गवी म्हणाली,
"मी घेते त्याला मांडीवर."

रात्री दोनच्या सुमाराला तंबूचं कापड हललं.
"मामा. तिकडं जायचंय. एकटी नाही जाणार."
बाभळीपाशी बॅटरी तिला दिली, पाठ फिरवून उभा राहिलो,
आणि मी इथंच आहे हे तिला कळावं म्हणून
मोठ्यानं थांबे म्हणत राहिलो:
बोरी... झरी... परभणी...
परभणीच्या पुढं माझी गाडी जात नाही,
तर पुन्हा उलट, झरी, बोरी.

परत आल्यावर ती आत गेली नाही.
लगोरीच्या दगडांवर बसली.
पलीकडच्या काठाला मासेवाल्यांचे दोन दिवे
पाण्यावर लांब होऊन पडलेले.
मी मनात धुंडाळू लागलो,
एखादी गोष्ट, एखादं कोडं, भुताचं काहीतरी,
पंधरा वर्षांच्या मुलीला चालेल असं.
"मामा, काही नको सांगू," ती म्हणाली.
नाही सांगितलं.
थंडी होती. तिनं माझी अर्धी वाकळ ओढून घेतली.
बराच वेळ गेला. एक दिवा सरकला.
"रुद्र्याला सांगायचं नाही, मी भ्यायले ते."
"कोण भ्यायलं?" मी म्हणालो.

सकाळी कुणाच्या तरी शेळ्या आल्या
आणि एका पाटीनं सगळी तिकिटं खाल्ली.
भार्गवीनं रडायला तोंड उघडलं,
तेवढ्यात रुद्राक्ष म्हणाला,
"आता ती कुठंपण जाऊ शकते. पोटात आठ तिकिटं आहेत."
कुठं जाते ते बघायला
तिघंही धावली तिच्या मागं,
शर्वाणी सगळ्यात पुढं, मोबाइल तंबूतच.

मी खुंट्या उपटल्या, दोऱ्या सोडल्या.
कापड खाली बसलं.
तुराटी अजून उभीच होती.